आधी माहिती, मग पान

भागवत जेवायला बसला की भाकरीचा पापड व्हायचा. मीठ, कांदा, ठेचा, पाण्याचा तांब्या, सगळं समोर येईपर्यंत पठ्ठ्या घास मोडायचा नाही. स्वतःच्या लग्नात त्यानं शेवटचं मंगलाष्टक अडवून धरलं होतं. का? तर नारायणगडाहून निघालेला मामा अजून पोचला नव्हता. भटजींनी तीच मंगलाष्टकं इतक्यांदा म्हटली, की मामा आला तेव्हा अख्खं वऱ्हाड ती तोंडपाठ म्हणत होतं.

असला माणूस बीडच्या कचेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर! आमची संस्था ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवते. तिथल्या प्रवेशाची वेबसाइट आम्ही दोघांनी बांधली. भागवतचा हेका एकच. "वसतिगृहाच्या नावावर बोट लावलं की आधी सर्व्हरवरून माहिती येऊ द्यायची, मगच पान उघडायचं. रिकामं पान लोकायला फसवतंय."

आमच्याकडचं नेटवर्क म्हणजे, बोट लावून माणसानं म्हशीची धार काढून यावं, तरी पडद्यावरची चकती फिरतेच. मी डोकं आपटायचो. "अरे पान तरी उघडू दे बे, माहिती येईल मागनं!"

"घरात मानूस नसताना दार कशाला उघडं ठिवतो?" हा म्हणायचा.

शेवटी अध्यक्षांचं फर्मान निघालं, बोट लावलं की पान उघडलंच पाहिजे. भागवतनं तोंड कडू करून आपली अट काढून टाकली. पान फटकन उघडू लागलं. फक्त माहिती पोचेपर्यंत 'शिल्लक जागा' पुढं शून्य दिसायचं. "बघा, कसं पळतंय!" अध्यक्ष खूश.

टोळ्यांचे ट्रक निघाले त्या दिवशी दिंद्रुडहून फोन आला. एका मुलीचा मामा होता. "सायेब, जागा न्हाई म्हनलं की तुमचं पान! शून्य दिसलं अन् बहिणीनं मोबाईल ठिवून दिला. पोरगी घिऊन ट्रकात बसली. सातवीत हाय हो, लई हुशार. आता बसंल मोळ्या बांधत."

भागवतनं सर्व्हरवर पाहिलं. एक जागा होती. पण आई-बापानं हो म्हटल्याशिवाय ती धरून ठेवता येत नव्हती.

मी धावत जाऊन गाडीला किक मारली. हा खुर्चीतच! ट्रकचा नंबर काय, मुकादम कोण, वाटेत थांबणार कुठं, फोनवर फोन. वर अध्यक्षांना न विचारता आपली ती अट वेबसाइटमध्ये परत घातली. "निघ ना बे, ट्रक कर्नाटकात पोचंल!" मी बोंबललो.

"दिंद्रुडला जाऊन काय धूळ बघतो? चौसाळ्याला चहाला थांबत्यात ते," म्हणत त्यानं टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. त्या क्षणी मी त्याचा खून केला असता, तर न्यायाधीशांनी मला चहा पाजून घरी सोडलं असतं.

ट्रक खरंच चौसाळ्याला सापडला. भांडी, गाठोडी, एक शेळी, आणि त्यात आईच्या शेजारी ती मुलगी. आईनं आमचं ऐकून तोंड फिरवलं. "बघितलंय एकदा. शून्य हाय."

भागवतनं मोबाईल काढला. मघाची जागा अजून आहे की तेवढ्यात कुणी घेतली, ते आता पानच सांगणार होतं. आणि पान तर माहिती आल्याशिवाय उघडणार नव्हतं! चकती फिरतेय, फिरतेय. मुकादम खवळला. "कावून अडवलं बे? टोळी फडावर कोन पोचवील, तुजा बाप?" ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

भागवतनं मोबाईल खिशात टाकला. "ताई, पोरगी उतरवा. जागा हाय."

आईनं पोरीचं दप्तर जवळ ओढलं. "नक्की?"

"नक्की."

मी त्याच्या कानाशी लागलो. "पान कुठं उघडलंय? जागा गेली असली तर?"

"तर माज्या घरी राहील," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बायकूला अजून इचारलं न्हाई." आणि पोरीला उतरवून घ्यायला त्यानं वर हात केले.

आईनं आधी दप्तर दिलं. मग पोरगी.