कुसुमताईंची पाच वर्षं

कुसुमताई देवस्थळी कुणी विचारलं नसलं तरी आपलं वय सांगत. बाग सेवनियाच्या थांब्यावर कंपनीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा चढले, तेव्हा रिकामी जागा त्यांच्याच शेजारी होती. "बस, बस. मी कुसुम. वय त्रेपन्न. खिडकी मलाच लागते, बाकी काही त्रास नाही माझा," त्या म्हणाल्या. मी संकोचून हसले. "आमच्या उज्जैनला वय लपवत नाहीत. उलट दोन वर्षं वाढवून सांगतात, लोक इज्जत करतात."

मी पुण्याची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे भोपाळला आले आणि मंडीदीपच्या एका औषधांच्या कारखान्यात, कुसुमताईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागले. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला गंमत वाटे. "काय करून राहिलीस?" असं त्या विचारत, आणि रागावल्या की अर्धं वाक्य हिंदीत जाई. पण रागावत क्वचित. नवी मुलगी चुकली की तिच्याकडून तीच चाचणी पुन्हा करून घेत आणि म्हणत, "पहिले समजून घे, मग घाबर."

त्यांचे यजमान श्रीपादराव त्याच कारखान्याच्या भांडारात होते. वयाने तीन वर्षांनी मोठे, स्वभावाने अबोल. दोघं एकाच बसने येत, पण श्रीपादराव मागे पुरुषांत बसत.

आमच्या कंपनीत बायका पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत आणि पुरुष साठाव्या. कारखाना सुरू झाला तेव्हापासून तसंच होतं, आणि मला वाटतं आम्ही सगळ्यांनी ते हवापाण्यासारखं मानून घेतलं होतं. मग वंदना कानडेचा निरोपसमारंभ झाला. मोठे साहेब तिच्या गळ्यात हार घालून म्हणाले, "अब घर सँभालिए, पोते-पोतियों को खिलाइए." वंदनाचं लग्नच झालेलं नव्हतं. घरी आजारी आई होती आणि तिच्या औषधपाण्याला वंदनाचाच पगार होता. तिच्याच वयाचे, तिच्याच बरोबर नोकरीला लागलेले सक्सेनाजी समोर बसून टाळ्या वाजवत होते. त्यांची अजून पाच वर्षं शिल्लक होती, आणि त्या पाच वर्षांनी त्यांचं पेन्शनही वाढणार होतं.

परतीच्या बसमध्ये मिसरोद मागे पडल्यावर कुसुमताई एकदम म्हणाल्या, "मीनल, आपण कधी थकायचं हे पण तेच ठरवणार का ग?"

दुसऱ्या दिवशी बायकांनाही साठ वर्षं मागायला त्या साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आपकी बात अलग है. आपको हम दो साल का एक्सटेंशन दिलवा देंगे."

"साहब, मैंने अपने लिए तो माँगा ही नहीं," कुसुमताई म्हणाल्या, आणि चहा पिऊन परत आल्या. त्यांना पंचावन्न पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. मी म्हटलं, "ताई, घेऊन टाकायचं होतं." त्यावर त्या म्हणाल्या, "मी घेतलं असतं तर वंदनाला काय तोंड दाखवलं असतं?"

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना एकत्र बोलावलं. त्यांना वाटलं होतं, सगळ्या खूश होतील. पण पॅकिंगची शबनम उभी राहिली. "दीदी, आप कुर्सी पर बैठती हो. हम सुबह से शाम खड़े रहते हैं. हमें पाँच साल और खड़ा रखोगी?" तिच्या मागच्या बायका माना डोलवू लागल्या. मला वाटलं, कुसुमताई आता वाद घालतील. त्या फक्त "कल आती हूँ," म्हणाल्या.

आणि खरंच गेल्या. रजा टाकून दिवसभर पॅकिंगच्या पट्ट्यापाशी शबनमशेजारी उभ्या राहून खोकी भरली. परतताना बसमध्ये पोटऱ्या चोळत म्हणाल्या, "मी माझ्या खुर्चीवरून बोलून राहिली होती ग. शबनमची गोष्ट वेगळी आहे."

त्यानंतर त्यांची मागणी बदलली. वयाची हद्द सगळ्यांना साठच असावी. पण पंचावन्ननंतर ज्याला जायचं असेल, बाई असो की पुरुष, त्याला तोवर कमावलेल्या पेन्शनसकट सन्मानाने जाऊ द्यावं. आणि पॅकिंगला बसायला स्टुलं द्यावीत. स्टुलांची भर शबनमने घातली होती.

कंपनीने वेगळाच तोडगा काढला. बराबरी हवी ना, मग दोघांनाही अठ्ठावन्न! पुरुष भडकले. बसमध्ये कुसुमताईंशी कुणी बोलेना. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते, तर भांडारातले चौघं दारात. "भाभीजी, आपकी बराबरी में हमारे दो साल जा रहे हैं. श्रीपादजी के भी जाएँगे, सोचा है?"

कुसुमताईंचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. "सोडून देऊ का?" त्यांनी नवऱ्याला मराठीत विचारलं, हळूच.

श्रीपादराव कधी चारचौघांत बोलत नसत. त्यांनी पाहुण्यांना बसायला खुर्च्या ओढल्या आणि म्हणाले, "दो साल ये नहीं ले रही, कंपनी ले रही है. कल इसके साथ चलो, सब मिलके साठ माँगेंगे." मग कुसुमताईंकडे वळून म्हणाले, "आणि तू सोडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारात बायका आणि पुरुष एकत्र उभे होते. त्यानंतर बैठकांवर बैठका झाल्या. त्या चालू असतानाच कुसुमताईंना पंचावन्न पूर्ण झाली. साहेबांनी पुन्हा एक्सटेंशन देऊ केलं, त्यांनी पुन्हा नाकारलं आणि हार घालून घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकटीच रडले. त्या नाही रडल्या. बैठक असली की कंपनीच्या फाटकापाशी मात्र हजर.

नवा नियम आला तो कुसुमताईंनी मागितला तसाच. शिवाय त्या वर्षात निघालेल्यांना परत घ्यायचं ठरलं. वंदना आली, कुसुमताई आल्या. पण पंचावन्ननंतर स्वखुशीने जाण्याची सवलत सगळ्यांत आधी कुणी घेतली असेल? श्रीपादरावांनी! "मला हिशेबबिशेबाचा कधीपासून कंटाळा आला होता," ते मला म्हणाले. "पण पुरुषाने असं म्हणायचं नसतं ना." पुढची वर्षं कुसुमताई श्रीपादरावांच्या हातचा डबा आणत आणि भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार सगळ्या प्रयोगशाळेला ऐकवत.

साठ पूर्ण करून त्या निघाल्या त्यालाही आता काही काळ झाला. मिसरोदला लेकीजवळ घर घेतलंय, सकाळी दोघं फिरायला जातात.

गेल्या महिन्यात शबनमने स्वखुशीची निवृत्ती घेतली. तिला नात झाली आहे आणि गुडघे खरंच थकले आहेत. निरोपाला तिने कुसुमताईंना आवर्जून बोलावलं. दोघी शेजारी बसून मिठाई खात खिदळत होत्या. मलाही त्याच आठवड्यात पंचावन्न झाली. समारंभ संपल्यावर कुसुमताईंनी माझा हात धरला.

"मग? तुझं काय ठरलं?"

"राहते, ताई. अजून काम आवडतं मला."

"राहा की." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "पण ज्या दिवशी कंटाळशील ना, त्या दिवशी सांगायला लाजू नकोस."

शबनम आपला हार हातात घेऊन फाटकाकडे निघाली. आम्ही तिला पोचवायला गेलो, आणि तिची रिक्षा वळल्यावर मी चाचण्या आटपायला आत परतले.