आक्का तेव्हा बोलल्या नाहीत

"लेकरू अगदी बापावर गेलंय," असं कुणी म्हटलं की आक्का वजनकाट्यावरची नजर न काढता विचारायच्या, "रंगानं गेलं असंल. जेवायला कुणावर गेलंय?" बाया हसायच्या. लेकराची आई मात्र ओशाळून सांगून टाकायची की दोन दिवस घरात नुसती भाकरी आणि चटणी आहे. आक्का तेच ऐकायला टपलेल्या असत.

जळकोटजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी चालवायच्या. आमच्या संघटनेची पत्रकं घेऊन मी नांदेडहून महिन्यातून एकदा तिथं जायचे. गर्भनिरोधनाची साधनं, पाळणा लांबवणं, गर्भपाताचा कायदा, नात्यातली लग्नं, सगळ्यावर आमचं पत्रक तयार असे. मी दिसले की आक्का ओरडायच्या, "आल्या बगा पत्रकबाई! आज कुणाला झोडपणार?"

आनुवंशिकतेवर मी त्यांना व्याख्यान द्यायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रक्त त्याचं काम करतंय, पोरी. पण रक्ताला बी जेवायला लागतंय." पोटुशी बाई आली की तिच्या घराण्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. विचारायच्या ते एवढंच, की पाणी कुठून आणतेस, किती खेपा होतात, आणि घरात शेवटी कोण जेवतं.

त्यांचं स्वतःचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. आमच्या भागात यात नवल नाही. लेक भावाच्या घरात गेली की जमीन आणि माया दोन्ही घरातच राहतात, असा हिशोब. आक्का म्हणायच्या, "माझी सासू म्हंजी माझी आज्जीच की. भांडायची बी चोरी!"

त्यांची एकुलती लेक रेखा. तिला ऐकू येत नाही. लातूरच्या मूकबधिर शाळेत ती शिकली, ब्लाऊज इतके नेटके शिवते की शेजारच्या गावांतून बाया येतात. लग्न गावातच दोन गल्ल्या सोडून, नात्याबाहेर झालेलं. आई मामाला दिलेली आणि लेक बहिरी, एवढं मला दिसलं. पुरावा मिळाला. त्यांना मी एक प्रश्नही विचारला नाही.

मग ती सभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक बाया होत्या. पुढेच बसलेली शेजारच्या गावची एक बाई बारावीतल्या पोरीचं लग्न आपल्या भावाशी ठरवून आलेली. तिला हलवायचंच, असं मी ठरवलेलं. "नात्यात दिलं तर काय होतं ते बघायला लांब जायला नको," असं मी म्हणाले आणि रेखाकडे बोट दाखवलं. रेखाला तिसरा महिना होता. शेजारी तिची सासू बसली होती.

सगळ्या माना आक्कांकडे वळल्या. त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "पत्रकं वाटून टाका. ऊन चढायलंय."

त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. मी अहवालात 'यश' या रकान्यात ते लिहिलं.

आठ दिवसांत सासूनं रेखाला माहेरी आणून सोडलं. "तुमच्या रक्तातच खोट हाय, पोटातलं बी तसंच निपजंल," म्हणाली. हे कानावर येताच मी तावातावानं तिच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "नवरा नात्याबाहेरचा असेल तर हा धोका फार कमी होतो. पत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलंय."

"मग त्या दिशी मागलं पान का न्हाई वाचलं, बाई? बोट तर तुमीच दावलं."

मी मागं फिरले. तशीच आक्कांकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"रेखा जन्माची बहिरी न्हाई," त्या म्हणाल्या. "दीड वर्साची असताना 'आबा', 'पानी' म्हनायची. ताप आला, डोक्यात गेला. नांदेडला न्यायला चार दिस लागले. ताप उतरला, कान गेले. अख्ख्या गावाला ठावं हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुजं एक खोटं पडलं असतं तर सगळंच खोटं पडलं असतं. ती समोरची लेक द्यायला निगालेली. म्हटलं, एवढ्यापुरतं झाकावं. रेखाचं आपन घरी बगू." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "सगळं ठावं असून तिच्या सासूला शिकल्याल्या बाईचं ते खरं वाटंल असं वाटलं न्हाई. मीच चुकले."

आक्का, रेखा आणि मी नांदेडच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून समजावलं, तापानं आलेला बहिरेपणा मुलाकडे जात नाही. मग आम्हा दोघींना बाहेर काढून त्या रेखाशी एकटीशी बोलल्या. रेखा बाहेर आली आणि मोबाईलवर लिहून मला दाखवलं: 'मूल ऐकणारं होईल, मला समजलं. पण ज्या घरात माझं रक्त नासकं म्हणतात, त्या घरचं मूल मला नको. तुम्ही बोट दाखवलं तेव्हा मी बघत होते. आई पण बघत होती.'

तिनं गर्भपात करून घेतला. निर्णय तिचा, कायदा तिच्या बाजूचा. आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत हेच छापलेलं असतं. त्या आधारानं मी स्वतःला सोडवायला बघितलं. सुटता आलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आक्का म्हणाल्या, "तिनं ठरवलं ते तिचं. मी त्यात बोलनार न्हाई. पन ही पाळी तिच्यावर आपन दोघींनी आनली." त्यांनी मला एकटीला दोष दिला असता तर मी भांडले तरी असते.

लग्न मोडलेली ती पोर आता लातूरला नर्सिंग करते. दिवाळीला फोन करून म्हणते, "ताई, तुमच्यामुळं झालं." मी विषय बदलते. खरं काय ते तिला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

रेखा आक्कांकडेच राहते, शिवणकाम करते. त्यानंतर मी दोनदा त्या गावात गेले. तिसऱ्या महिन्यात निघायच्या आदल्या दिवशी आक्कांचा फोन आला.

"पोरी, पत्रकं दुसऱ्या कुनाजवळ दे. तुज्यावर राग न्हाई माजा. पन तू आलीस की रेखा मशीन बंद करून आत जाऊन बसती. तू जाईस्तवर भाईर येत न्हाई."

मी "बरं, आक्का" म्हटलं. त्याला दोन वर्षं झाली. पत्रकं दुसरी कार्यकर्ती नेते.