शेवंतीने अडवलेला नारळ

शेवंती कोळीण कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हतीच. ठाण्याच्या खाडीत नवऱ्याच्या बरोबरीने वल्हं मारलं, बाजारात टोपली लावली, आणि भाव पाडून मागणाऱ्याला कोयत्यापेक्षा जिभेनेच जास्त कापलं. नवरा भिवाजी अंथरुणाला खिळला, तसा नारळी पुनवेला खाडीला नारळ देण्याचा घराण्याचा मानही तिच्याकडे आला. तो नारळ सुटल्याशिवाय कोळीवाड्यातली एकही होडी नव्या हंगामाला निघत नसे.

एक्क्याण्णव साल होतं. भरतीचं पाणी पोचतं तिथे भराव घालायचा नाही, असा कायदा सरकारने फेब्रुवारीत काढला. खाडीत भराव टाकणाऱ्या महिपत ठेकेदाराने तो वाचला असावा, कारण त्यानंतर त्याचे डंपर दुप्पट धावू लागले. तिवरं गाडली गेली. श्रावण लागेपर्यंत, दरवर्षी जिथून नारळ सोडत त्या देवळाच्या पायरीशी येणारी पाण्याची वाटही मातीने बुजली. शेवंतीने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. साहेब म्हणाले, "भरती इथवर येते, याला पुरावा काय?"

पुनवेला मिरवणूक निघाली. बँड महिपतचा, सोनेरी कागदातला नारळही त्याचाच, आणि मांडव भरावाच्या पार पलीकडे. शेवंतीने घरचा नारळ पदरात घेतला आणि देवळाच्या कोरड्या पायरीवर बसकण मारली.

"पानी हितवर आयला का नारल देन."

"आये, मंग होरी कवा काढाची? पोरं उपाशी मरतील," तिचा मुलगा नाथा चिडून म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. पावसाळाभर घराघरात चूल अर्धीच पेटत होती. पण ती हलली नाही.

"मंग फावरा घे."

नाथाने आईकडे पाहिलं, भरावाकडे पाहिलं, आणि खरंच फावडं आणलं. त्याच्यामागून अख्खा वाडा उतरला. बायका मासळीच्या टोपल्यांतून माती उपसू लागल्या. महिपत पोलिसांच्या नावाने घसा फोडत होता आणि त्याचाच बँड जोरात वाजत होता, कारण थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. दुपारी उधाण आलं. उरलेला बांध पाण्यानेच फोडला आणि गढूळ लाट येऊन शेवंतीच्या पावलांना लागली. तिला रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही.

"सायबाला बोलवा," ती म्हणाली. "पुरावा आयलाय."

खाडीने शांत व्हावं म्हणून नारळ देतात. शेवंतीने तो पाण्यात सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खाडीला म्हणाली, "माज्या होऱ्या सांभाल, आये. पन त्या भरावाला सोरू नको."