आईचा कठडा

वलगावला आमचा भाजीचा मळा. बाजारात न्यायची वांगी बाबा जशी निवडत, तशीच पावसाळ्यात चिखलदऱ्याला सहलीला गेल्यावर सोबतची माणसंही निवडत. दणकट पायांची थेट धबधब्याच्या तळापर्यंत, धापा टाकणारी अर्ध्या वाटेवरच्या खडकापर्यंत आणि आई वर कठड्यापाशी. "तुले उतरनं जमत नाही, तू इथूनच पाह," हे दरवर्षी ठरलेलं. मला त्याचा राग यायचा. आई मात्र भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसायची. तळाशी पोचलो की मी धबधबा सोडून आधी वर पाहायचो. धुकं सरलं की तिचा पिवळा पदर दिसायचा.

आता दोघंही नाहीत. अमरावतीतले शेजारी मला विचारतात, कुणाला कोणता धबधबा झेपेल. विचारणारे स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सर्रास खोटं बोलतात, तरी मी बाबांसारखंच निवडून सांगतो.

यंदा बऱ्याच वर्षांनी मी एकटाच तळापर्यंत उतरलो. सवयीने वर पाहिलं, तर कठडा धुक्यात बुडालेला. ते सरू नये असं पहिल्यांदाच वाटलं. धुकं होतं तोवर ती वर बसलेली होती.