हिरवं म्हणजे सेफ

स्कॅफोल्डिंगचे टॅग ओळखण्यात आखातातल्या अख्ख्या जुबैलमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. मला वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळी मेसमध्ये टाइमकीपरने प्रत्येकाच्या हातात दोन कार्डं दिली. एक हिरवं, एक लाल. दाराशी खोका ठेवलेला. एक कार्ड खोक्यात टाकायचं, दुसरं खिशात. "संध्याकाळपर्यंत. यल्ला, जल्दी," म्हणाला आणि गेला.

स्कॅफोल्डिंग म्हणजे लोखंडी पाइपांची परांची. टाकीला रंग द्यायचा तर माणूस उभा कुठे राहणार? ती परांची आमची गँग बांधायची. बांधून तपासली की शिडीला हिरवा टॅग. चढा. लाल असेल तर चढायचं नाही. अंगठेबहाद्दराला एवढं पुरतं. चौदा वर्षं मी या दोन रंगांवर भाकरी खाल्ली. आणि ऑफिसने मत घ्यायला कार्डं म्हणून स्टोअरमधले तेच टॅग काढले होते.

कुवेतवरून लढाई पेटणार, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. आमचा कॅम्प बंदराला लागून. लढाईपासून लांब, जेद्दाकडेही कंपनीचं काम होतं. इथे राहायचं की तिकडे जायचं, ते प्रत्येक गँगने मतं टाकून ठरवायचं. अर्धी गँग गेली तर परांची बांधणार कोण? म्हणून जिकडे मतं जास्त, तिकडे सगळे. एकट्याला निघता येत नव्हतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाकडे. त्याच्या चिठ्ठीशिवाय चेकपोस्टवाला सोडत नसे.

मत कसं द्यायचं त्याचा कागद मेसच्या दारावर चिकटवला होता. इंग्रजीत आणि अरबीत. सेफ्टीचे देवरेसाहेब, नाशिकचे, दुपारी मुद्दाम आले. "बसा रे पाच मिनिटं. वाचून दाखवतो."

मी म्हणालो, "साहेब, पोथी नंतर लावा. डाळ थंड होतेय."

सगळे हसले. माणसं हसली की मला चढते. म्हटलं, "आणि हिरवं-लाल आम्हाला शिकवता? आता माशालाही पोहायला शिकवा."

"हसन, हा टॅग नाही. मत आहे."

"मतच देतोय की."

साहेब वळले. पलीकडे पेंटर गँगच्या टेबलावर जाऊन बसले. तिथे त्यांचं ऐकलं.

अब्दुल्लाकाका आमच्या गँगमधले सगळ्यात थोरले. माझ्या शेजारच्या गावचे. त्यांना दमा. गॅस मास्क वाटले तेव्हा काकांना तो दोन मिनिटंही सोसला नव्हता. त्यांना काहीही करून जेद्दाला जायचं होतं. खोक्याजवळ त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हसन्या, कुठलं टाकू?"

"हिरवं म्हणजे सेफ, काका. लालवर कधी चढलो का आपण?"

"नक्की ना?"

"डोळे मिटून टाका."

त्यांनी टाकलं. बरं, मी तेवढ्यावर थांबलो का? सगळ्या गँगला हेच सांगत फिरलो.

संध्याकाळी खोका उघडला. हिरवी एकोणीस, लाल तीन. हिरवं म्हणजे काम चालू, इथेच राहायचं. लाल म्हणजे काम बंद, जेद्दाला चला. ऑफिसने रंग चुकीचे लावले नव्हते. हिरवं म्हणजे सेफ खरं, पण माणसासाठी की कामासाठी, हे मी चौदा वर्षांत विचारलंच नव्हतं.

काकांना घेऊन कॅम्प बॉसकडे गेलो. "साब, गलती हो गया. फिरसे करो."

"जबरदस्ती किसीने किया?"

"नहीं. मैंने सबको समझाया."

"तू मॅनेजर है?"

"नहीं."

"तो खलास."

पेंटर गँगची जेद्दाची बस दुसऱ्या दिवशी सुटली. मी हात हलवला. सवयीने एक विनोदही केला. कोणी हसलं नाही.

लढाई सुरू झाली. एका दुपारी आम्ही जेवत असताना सायरन वाजला. सगळ्यांनी मास्क चढवले. काकांनी चढवला आणि ओढून काढला. गॅसने मरतील म्हणून मी तो त्यांच्या तोंडावर दाबून धरला. त्यांनी माझं मनगट ओरबाडलं. मग त्यांचे हात सैल पडले. तेव्हा मी मास्क सोडला. क्षेपणास्त्र दुसरीकडेच कुठे पडलं म्हणे. गॅस तर नव्हताच.

काका वाचले. पण डॉक्टरने फिटनेस दिला नाही. फिटनेस म्हणजे उंचीवर काम करायचा दाखला. तो गेला की नोकरी गेली, व्हिसा गेला. विमानं सुरू झाली की त्यांना घरी पाठवणार होते.

आता गावी मतदान असलं की उभं कोण आहे, मागच्या वेळी निवडून येऊन काय केलं, सगळं सुनेकडून वाचून घेतो. कळलं नाही तर पुन्हा वाचायला लावतो. कोणी विचारलं कोणाला देऊ, तर म्हणतो, तूही वाच. ही अक्कल मला हॉस्पिटलच्या वॉर्डात आली. संत्री घेऊन गेलो होतो. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले.

म्हटलं, "काका, मी पडलो अडाणी. शाळेत गेलो असतो तर तो कागद वाचला असता."

काकांनी नाकावरची नळी बाजूला केली.

"ठाऊक नाही म्हणायला शाळा लागत नाही रे."