ब्रेकचं मागणीपत्र

भूतबित मी कधीच मानलं नाही. फौजेत सतरा वर्षं स्टोअर सांभाळलं — गाड्यांचे सुटे भाग, कुठला किती शिल्लक, कुठला मागवायचा. कार्डावर नोंद नाही ती वस्तू नाहीच, असा माझा खाक्या. तरी हे लिहितोय...

मी उमापूरचा. युनिटमध्ये सिरसाळ्याचा बालाजी ड्रायव्हर होता, माझा जिवाचा दोस्त. ट्रकच्या ब्रेकसाठी त्यानं तीनदा मागणीपत्र दिलं. तिन्ही वेळा आमच्या स्टोअरच्या सुभेदार साहेबांनी ते नामंजूर केलं. आपल्या स्टोअरची मागणी सगळ्यात कमी, हे त्यांना वरच्यांना दाखवायचं होतं. शेवटी घाटात ब्रेक लागले नाहीत, ट्रक दरीत गेला. बालाजी गेला. चौकशीत साहेब म्हणाले, "ड्रायव्हरची चूक." मागणीपत्रं तोवर फाईलमधून गायब. मी बोललो, पण कागदाशिवाय कोण ऐकतं?

साहेब मूळचे माजलगावकडचे. रिटायर होऊन तिकडेच राहिले. गेल्या वर्षी मीही सुटलो आणि पहिलं काम केलं ते त्यांचं घर शोधायचं. त्यांच्या बायकोसमोर सगळं बाहेर काढायचं होतं. हात उचलायचीही तयारी होती.

साहेब ओसरीत खुर्चीवर. लकव्यानं उजवा हात गेलेला. मी तोंड उघडणार तोच फाटकाची कडी वाजली. भर दुपारचे बारा. साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

साहेबांच्या बायको, वहिनी, दारातूनच म्हणाल्या, "तुमीच बघा भाऊ. रोज हेच हाय."

मी गेलो. रस्ता सरळ, दोन्हीकडचा ऊस तोडलेला — लपायला जागाच नाही. कुणी नव्हतं. कडीत घडी घातलेला कागद. ब्रेकचं मागणीपत्र! त्याच ट्रकचा नंबर, तारीख आजची, अक्षर बालाजीचं. ब्रेकचं स्पेलिंग तो कायम चुकवायचा, तसंच चुकलेलं. शाई माझ्या बोटाला लागली.

वहिनींनी पेटी उघडून दाखवली. असल्याच कागदांनी भरलेली.

"दत्ता," साहेब रडायला लागले, "तू स्टोअरवाला हायस. 'पार्ट दिला' लिही, सही कर. माझ्याच्यानं होत न्हाई. मग थांबंल तो..."

वहिनींनी पेन पुढे केलं. मी टोपण काढलं... आणि परत लावलं.

"येऊ द्या त्याला, साहेब," एवढंच बोललो आणि निघालो.

ते कागद कोण ठेवतं, मला आजही सांगता येत नाही. साहेब अजून आहेत, असं कळतं. दुपारी बाराला माझं लक्ष घड्याळाकडे जातं — आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.