गोलात फुली

माझ्या मुलीलाही हे ठाऊक नाही, आणि तिला तर माझं सगळंच ठाऊक आहे असं वाटतं. यजमान होते तोवर त्यांना सांगायचं दोन-तीनदा मनात आलं — चहा पुढ्यात ठेवला, समोर बसले, आणि भाजी काय करू ते विचारून उठले. आज लिहायला घेतलंय, तर निदान पुरं करावं.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोंबिवलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. चार इमारतींची आमची सोसायटी. निवृत्त झाले, मुलीने हातात स्मार्टफोन दिला आणि कुणीतरी मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. काय काय वाचावं लागलं तिथे! कुठल्याशा ग्रहावरून किरणं येणार आहेत, मोबाइल उशाशी घेऊ नका. लिंबाच्या सालीने कॅन्सर पळतो. ते एक वेळ ठीक. पण अमक्या लोकांकडून भाजी घेऊ नका, तमक्या वस्तीतल्या बाया कामाला ठेवू नका — आणि त्याखाली शिकल्यासवरलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसांचे जोडलेले हात! टीव्ही लावावा तर तिथेही तेच, फक्त जास्त ओरडून. माझं डोकं फिरायचं. एवढं शिकवलं आम्ही या लोकांना, ते गेलं कुठे?

मी प्रत्येक मेसेजखाली उत्तर लिहायची. वह्या तपासायची सवय जाते थोडीच? हळूहळू लोक मलाच विचारायला लागले, ‘बाई, खरंय का हे?’ मी खोटं म्हटलं की विषय संपायचा. मला ते आवडायचं — फार आवडायचं. जिन्यात कुणी भेटलं की ‘बाई, तुम्ही आहात म्हणून बरंय’ म्हणायचं, आणि तीन मजले चढताना माझे गुडघे दुखायचे नाहीत.

आमचे सेक्रेटरी पाटणकर. माणूस वाईट नाही, पण आलेलं सगळं पुढे ढकलायचं हा त्यांचा धर्म. एकदा त्यांनी हळदीचा काहीतरी अचाट उपाय टाकला. मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘पाटणकर, वाचता येणं आणि कळणं यात फरक असतो.’ सोसायटी दिवसभर हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. मे महिना होता, निम्मी सोसायटी गावी गेलेली. शेजारच्या वसाहतीत एक बंद घर फुटलं, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फोटो आले. आमच्याच इमारतींतल्या दारांचे. बेलच्या खाली, चौकटीवर, खडूने काढलेल्या खुणा. कुठे बरोबरची खूण, कुठे दोन रेघा, कुठे गोलात फुली. खाली मजकूर — चोरांची टोळी घरं हेरून ठेवतेय, गोलात फुली म्हणजे घर बंद असतं, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका या खुणा करून जातात, सावध राहा.

गोलात फुली म्हणजे घर बंद. हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

कारण त्या खुणा मी केल्या होत्या.

आंबिवलीच्या पुढे एका छोट्या शाळेत माझी जुनी सहकारी शिकवते. दर वर्षी परीक्षा संपल्या की मी घरोघर जाऊन मुलांच्या जुन्या वह्या गोळा करायची, त्यांतली कोरी पानं फाडून, बांधून तिच्या मुलांसाठी नव्या वह्या करायची. त्या वर्षी चारही इमारती घेतल्या. कुठे वह्या मिळाल्या, कुठे परत यायचंय, हे लक्षात राहीना. पर्समध्ये खडू असतोच माझ्या, अजूनही असतो. मिळाल्या तिथे बरोबरची खूण. रविवारी या म्हणाले तिथे दोन रेघा. कुलूप असेल तिथे गोलात फुली. काम झालं, वह्या गेल्या, आणि खुणा पुसायच्या राहिल्या. एवढीच गोष्ट. एक ओळ लिहिली असती तर सगळे हसले असते आणि संपलं असतं.

सगळे हसले असते — तिथेच अडलं.

पाटणकरांनीच विचारलं. ‘बाई, तुम्ही सांगा. खरं की खोटं? तुमचा शब्द शेवटचा.’ त्यात टोमणा होता का? तेव्हा मला वाटला होता. आज वाटतं, माणसाने सरळ मनाने विचारलं होतं. ‘अहो, त्या खुणा माझ्या आहेत’ हे मी टाइप केलं. माझ्या डोळ्यांसमोर पाटणकरांचं उत्तरही आलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, ‘खुणा खऱ्या आहेत. मी स्वतः पाहिल्या आहेत. सावध राहिलेलं बरं.’

बघा, एक शब्द खोटा नाही. खुणा खऱ्या होत्या, मी पाहिल्याही होत्या. एकतीस वर्षं नेमकं बोलायला शिकवलेल्या बाईने किती नेमकं लिहिलं!

दुपारी ओलं फडकं घेऊन मी चारही इमारतींचे जिने चढले-उतरले. कुणी विचारलं तर म्हणायची, नको बाई ती खूण दारावर, मनाला लागतं. माझं कौतुकच झालं. मला तेव्हा वाटलं, पुसलं की मिटलं. पण फोटो पुसायला फडकं चालत नाही. संध्याकाळी एका चॅनलवर आमच्याच सोसायटीतलं एक दार दिसलं. मी काढलेल्या गोलाभोवती त्यांनी लाल गोल काढला होता, आणि निवेदक ओरडत होता, ‘ठाणेकरांनो, तुमच्या दारावर तर नाही ना?’ यजमान म्हणाले, “काय मूर्ख लोक आहेत!” मी म्हटलं, “हो ना.”

आणि तिसऱ्या दिवशी कांता आली.

कांता बोहारीण, विठ्ठलवाडीहून यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. वीस वर्षं आमच्याकडे येत होती. मुलीच्या लहानपणच्या फ्रॉकपासून यजमानांच्या पँटींपर्यंत सगळं तिनेच नेलं. घासाघीस करायला मी तिच्याकडूनच शिकले. मी दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते, तर गेटपाशी पंधरा-वीस माणसं. पाटी उपडी केलेली, डबे-पातेली रस्त्यावर, गाठोडं सोडलेलं. आत खडू शोधत होते. एक मुलगा तिच्या तोंडासमोर फोन धरून व्हिडिओ काढत होता. पाटणकर म्हणत होते, “कोणाला खबर देतेस? बोल ना! किती जण आहेत तुमचे?”

ती रडत नव्हती. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा सैलावलाच एकदम, आपलं माणूस दिसल्यावर सैलावतो तसा.

“बाई, तुमी सांगा ना यांना! तुमी वळखता मला. तुमचं ऐकतात हे.”

ऐकत होते हो. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. खरं बोलायला इतकी चांगली जागा मला आयुष्यात दुसरी मिळाली नसती. माझी पर्स खांद्याला होती, त्यात खडू होता. तो काढून दाखवला असता तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, “जाऊ द्या तिला. पोलिस वगैरे नको. कांता, तू आता येऊ नकोस इकडे.”

पाटणकर म्हणाले, “बाईंचं मन मोठं आहे म्हणून सोडतोय.”

कांता खाली बसून भांडी गोळा करायला लागली. कुणी हात लावला नाही. मीही नाही. एक झाकण घरंगळत माझ्या चपलेपाशी आलं होतं, ते तिने वाकून उचललं. माझ्याकडे पाहिलं आणि ते पाटीत टाकलं. तो व्हिडिओ त्या फोटोंना जोडून कुठे कुठे गेला, मला मोजता येणार नाही.

पुढच्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने विठ्ठलवाडीला गेले होते. स्टेशनबाहेर ती दिसली, जुने शर्ट मांडून बसलेली. पाटी नव्हती. मी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. तेवढ्यात तिच्या समोर दोन मुलींनी सेल्फीसाठी फोन वर केला, आणि कांताने झटकन पदर तोंडावर ओढून भिंतीकडे मान फिरवली. मुली गेल्या तरी तिने पदर लगेच काढला नाही. मी तिथूनच रिक्षा केली.

यात मी कशी अडकलेय, कळतंय का तुम्हाला? तेव्हा मी एक खोटी बातमी खरी ठरवली, आणि त्या दिवसापासून माझ्या शब्दाला जास्तच वजन आलं. ज्येष्ठ नागरिक संघात ‘खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात’ यावर मी तीनदा बोलले आहे. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. लोकांच्या अडाणीपणावर मी अजूनही चिडते, आणि तो राग खराच असतो. ग्रुप सोडला तर का सोडला विचारतील. आता कबूल केलं तर इतकी वर्षं का नाही, ते सांगावं लागेल. रोज सकाळी मी दूध तापवते ते पातेलं कांतानेच दिलेलं आहे. दुसरं घ्यायचं म्हणते आणि घेत नाही.

मागच्या महिन्यात कल्याणच्या माझ्या धाकट्या बहिणीने मला एक मेसेज पाठवला, काळजीपोटी. तेच फोटो. तोच व्हिडिओ, वीसेक सेकंदांचा. कांता मान वर करून कुणाला तरी काहीतरी सांगतेय, आवाज काढून टाकलेला. ती कुणाशी बोलतेय ते दिसत नाही. मी चौकटीच्या बाहेर आहे. खाली नवीन ओळ जोडलेली होती — ‘ही अफवा नाही, एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने स्वतः खात्री केली आहे.’

बहिणीने विचारलं होतं, “ताई, खरंय का गं हे?”

मी अंगठा पाठवला.